मधला आठवडा

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. गप्प बसून टाळलं असतं तर थोडी तरी लाज राखली गेली असती. मी बोलून टाळलं. टीव्हीवरची मालिका संपली की दारोदार जाऊन तिचा शेवट सांगत सुटणारा एक सटकलेला म्हातारा, हा किस्सा मी लग्नघरांत सांगितला, लेखकमित्रांच्या बैठकीत सांगितला, आणि त्या म्हाताऱ्याच्या तेरवीला पंगत उठल्यावर पान चघळत, त्याच्याच अंगणात सांगितला. लोक पोट धरून हसले. हा किस्सा तुमच्याच तोंडून ऐकावा, असं म्हणाले. रंगणारच तो माझ्या तोंडून. त्यातलं खरं तेवढं मी काढून टाकलं होतं.

परवा एका कार्यक्रमात मला शाल दिली. सूत्रसंचालन करणारा मुलगा म्हणाला, "विदर्भातून टीव्हीसाठी लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतले हे लेखक. सर, तो दी-एंड साहेबांचा किस्सा होऊन जाऊ द्या." सभागृह ऐकण्याआधीच हसायला लागलं. मी प्रकृतीचं कारण सांगून खाली बसलो. ऑटोत बसलो तेव्हा त्या मुलाचा इतका राग आला होता, की शाल मी पायाशी टाकून दिली. घर येईपर्यंत कळलं, की हे नाव आणि हा किस्सा त्या पोराकडे आला तो माझ्याचकडून.

तर आता साहेबांच्याच नियमानं सांगतो. त्यांचा नियम होता, शेवट आधी.

त्यांच्या बहिणीनं पाटल्या घेतल्या नव्हत्या. टीव्हीवर दाखवलं ते खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. साहेब सटकलेले नव्हते. आता बाकीचं.

एकोणीसशे साठच्या सुमाराला सीताबर्डीवर एका गल्लीत सिनेमे वाटणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं. मुंबईहून पिक्चरच्या पेट्या नागपूरला यायच्या आणि तिथून आमच्या सगळ्या भागात, अगदी तंबूतल्या सिनेमांपर्यंत जायच्या. राज्याची नावं बदलली तरी धंद्यात या भागाला सीपी-बेरारच म्हणत. साहेब तिथले मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो. नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला, खिशात कविता असलेला, आणि पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम आपल्या लायकीचं नाही असं मानणारा.

साहेब उंच, हडकुळे, आवाज फाटका. शर्टाच्या खिशात भर दिवसासुद्धा थिएटरातल्या डोअरकीपरसारखी एक बॅटरी असायची. तिच्या वजनानं तो खिसा कायम एका बाजूला लोंबायचा. माणूस त्रासदायक होता, हे आधीच सांगतो. त्यांना देव करायला मी बसलेलो नाही. चहात साखर कमी पडली तर ते कप तसाच ठेवत आणि दिवसभर कुणाशी बोलत नसत. मुंबईहून आलेला पिक्चर व्यापाऱ्यांना दाखवायचा खास खेळ असे. त्यात कुणी मधेच उठला तर साहेब त्याच्या तोंडावर बॅटरी मारत. काटोलचा एक तंबूवाला शेवटची एसटी पकडायला पिक्चर संपायच्या जरा आधी उठला, तर त्याला त्यांनी तो पिक्चर द्यायलाच नकार दिला.

"शेवट न पाहता नेतो? लोकाईले काय दाखवशील?"

"दाखवते तर मशीन, साहेब," तंबूवाला म्हणाला. "मी काहून पाहू?"

"मग मशीनलेच पाठव पुढच्या वेळी."

तो पिक्चर दुसऱ्या गावाला गेला. मालकानं साहेबांना खूप सुनावलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं पूर्ण? का आणखी आहे?"

त्यांची सगळ्यात विचित्र सवय मात्र दुसरी होती. पिक्चरचा शेवट कुणी आधी सांगितला तर ते मारायला धावत. पण माणसांच्या गोष्टीत त्यांना शेवट आधी लागे. शिपाई काकुळतीला येऊन सांगायला लागे, "साहेब, काल पोट्ट्याले असा ताप चढला, असा चढला..." की साहेब हात वर करत.

"शेवट सांग आधी. आता कसा आहे?"

"आता खेळून राहिला."

"हां. आता सांग. सगळं सांग." आणि मग खुर्ची मागे टाकून, हातातलं काम थांबवून, त्या तापाची गोष्ट ते शांतपणे ऐकत. आम्ही मागून नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायचो. मला गोष्टी रचायला आवडायचं, आणि माझ्या चांगल्या सुरुवातीचा हा माणूस दर वेळी कोंबडीसारखा गळा धरायचा. एकदा चिडून विचारलं, "साहेब, पिक्चरचा शेवट चालत नाही तुम्हाला, मग आमचाच कशाला आधी पाहिजे?"

"पिक्चरमधी मी बांधून बसलेलो असतो," ते म्हणाले. "अंधार असते, दार बंद असते. शेवट माझ्यापुढं येतेच. तुझं तसं आहे का? तू मधीच चहाले उठून जाशील, अन् मी तुझ्या पोराले तापातच ठेवून घरी जाईन."

तेव्हा मला मूल नव्हतं. हे वाक्यही मी नकलेत घातलं.

काटोलच्या तंबूतली एक संध्याकाळ सांगायला हवी. पेटीबरोबर कंपनीचा माणूस जायचा. त्या दिवशी मी नवा म्हणून साहेब स्वतः आले होते. तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं रीळ चढेपर्यंत लोक शेंगदाणे खायचे, बायकांच्या बाजूला पोरं रडायची. म्हणजे शहरात एका इंटरव्हलचा पिक्चर तिथं तुकड्यातुकड्यानं दिसायचा. पहिल्या खेळात असं झालं, की भरल्या घरात सुनेवर आळ येतो, सासरा तिच्याकडे बोट दाखवतो आणि नेमकं तिथं रीळ संपलं. दिवे लागले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "रांडेनं केलंच असन." हशा पिकला. तंबूवाला खूश, अशा जागी दिवे लागले की सोडा जास्त खपतो.

साहेब उठले. मशीनवाल्याकडे गेले. दुसऱ्या खेळाच्या आधी त्यांनी पुढच्या रिळाचा सुरुवातीचा तुकडा आधीच्या रिळाला जोडायला लावला. त्या तुकड्यात धाकटा दीर पुढे येऊन म्हणतो, की वहिनी त्या वेळी देवळात होती. तो बोलला, मग दिवे लागले. मशीनवाला कुरकुरला, तंबूवाला हातघाईवर आला. साहेब म्हणाले, "कोणाले बदनाम करून दिवे लावायचे नाहीत. माझ्या पेटीतल्या पिक्चरमधी नाही."

"साहेब, पिक्चर आहे. शेवटी सुटतेच ना थे," तंबूवाला म्हणाला.

"अन् ज्यानं आता उठून गाडी पकडली, त्याच्या घरी सुटन का?"

मी हसलो होतो. पडद्यावरच्या बाईची एवढी काळजी.

परतीच्या एसटीत, काटोल सुटल्यावर, त्यांनी मला कारण सांगितलं. अगदी अचानक. समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "माह्या बहिणीनं पाटल्या घेतल्या नव्हत्या. हे आधी ऐक. आता सांगतो."

आक्का त्यांची थोरली बहीण. काटोलजवळ संत्र्याच्या बागायतदाराकडे दिलेली. सासूच्या सोन्याच्या पाटल्या घरातून गेल्या. सासू म्हणाली, सुनेनं आपल्या भावाच्या शिक्षणासाठी माहेरी पोचवल्या. आक्कांना नेसत्या लुगड्यानिशी नागपूरला पाठवून दिलं. साहेबांचं कॉलेज तिथंच सुटलं. ते शिकले असते तर लोक म्हणाले असते, पाहा, पाटल्यांवर शिकला. पाटल्या खरं तर सासूनं स्वतःच आपल्या भावाला दिल्या होत्या, त्याचा व्यापार बुडत होता म्हणून, आणि नवऱ्याच्या धाकानं नाव सुनेचं घेतलं होतं. पुढं तो भाऊच कबूल झाला. सासरे स्वतः नागपूरला आले, संत्र्यांची टोपली ओसरीवर ठेवली आणि सुनेपुढं हात जोडले. आक्कांनी त्यांना चहा दिला. म्हणाल्या, "तुमचं मन साफ झालं, मामाजी, बरं झालं. आता मी येत नाही." मग त्या भावाकडेच राहिल्या. भावानं लग्न केलं नाही.

एसटी नागपूरला पोचली तेव्हा गोष्ट सासऱ्यांच्या टोपलीपर्यंत आली होती. मी उतरून घरचा रस्ता धरला, तर साहेब माझ्याबरोबर चालत आले, उलट्या दिशेला, पेटी हमालाच्या हवाली करून. माझ्या दारापर्यंत. "आता येत नाही" हे वाक्य संपल्यावरच ते वळले. जाताना म्हणाले, "कोणाले सांगशील तर सगळी सांगजो. अर्धी नको सांगू."

पुढं मी ते ऑफिस सोडलं. दुसरीकडे नोकरी मिळाली, रेडिओसाठी नाटुकली लिहिली, थोडं नाव झालं. ऐंशीच्या पुढे नागपुरात घराघरांवर टीव्हीचे खांब उभे राहिले, आणि मला मराठी मालिका लिहाल का, असं विचारणं आलं. तेरा भाग, दर गुरुवारी एक. माझ्याकडे एकच अशी गोष्ट होती जी मला स्वतःला सुचली नव्हती आणि म्हणूनच चांगली होती.

मी प्रतापनगरला साहेबांच्या घरी गेलो. साहेब निवृत्त झाले होते. पुढच्या खोलीत आक्कांचा शिवणवर्ग भरायचा. गुडघे दुखायचे तरी मशीन त्या स्वतः चालवून दाखवायच्या. आजूबाजूच्या सगळ्या घरांतल्या मुली त्यांच्याकडे शिकून गेलेल्या. आक्कांनीच परकर-पोलक्यांत वाढवल्या म्हणा ना.

साहेबांनी आधी नकारच दिला. "पिक्चर काढत असशील तर हो म्हणतो. हे नाही."

"साहेब, पिक्चर अडीच तासांचा. इथं त्याच्या दुप्पट वेळ मिळतो. आक्कांचं सगळं नीट दाखवता येईल. सासू, बाग, तुम्ही."

"लांबीचं नाही म्हणून राहिलो मी. मधल्या आठवड्याचं म्हणून राहिलो." ते आक्कांकडे पाहत होते. "तू तिच्यावर गुरुवारी आळ घेशील अन् पुढच्या गुरुवारी सोडवशील. मधला आठवडा ती कुठं राहील?"

मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. पात्र कुठं राहतं म्हणे. मी कागदावर, असं काहीतरी चुरचुरीत उत्तर दिलं.

आक्काच भावाकडे पाहून हसत म्हणाल्या, "लिहू दे ना, बापू. मले तरी पाहू दे टीव्हीवर मी कशी दिसतो. माह्या जागी जाड बाई नको घेऊ गा फक्त."

शेवटी साहेबांनी एका अटीवर मान हलवली. पहिल्या भागाच्या पहिल्या वाक्यात सांगायचं, की हिनं पाटल्या घेतल्या नव्हत्या. मग पुढं काय तेरा, काय तेवीस. मी वचन दिलं. आक्कांसमोर दिलं.

टीव्ही केंद्रावरचा अधिकारी हे ऐकून माझ्याकडे बघतच राहिला. "शेवट पहिल्याच भागात? मग लोक पुढच्या गुरुवारी टीव्ही काय माझ्यासाठी लावणार आहेत का? अहो, हा सिनेमा नाही. सिनेमात माणूस तिकीट काढून बसलेला असतो. इथं तो घरी आहे, जेवतो आहे, उठून जाऊ शकतो. त्याला परत आणायला खुंटी लागते. दर भागाला एक खुंटी द्या."

मी लगेच पटवून घेतलं. पटवून घेतलं हा शब्दही खोटा आहे. मला ते आवडलं. तोवर मी साहेबांचे शेवट-आधी ऐकून विटलो होतो, आणि इथं कुणीतरी मला सुरुवातीवर आणि मध्यावर राज्य करायला सांगत होतं. प्रत्येक भाग मी त्या बाईच्या चेहऱ्यावर थांबवला. ट्रंक उघडते, चेहरा. दारात सावली, चेहरा. नावं बदलली, पण बाकी काय बदलावं याचा आळस केला. शिवणयंत्र तसंच. काटोलऐवजी दुसरं नाव, पण संत्र्याची बाग तीच. भाऊ सिनेमाच्या धंद्यात. आणि "शेवट सांग आधी" हे वाक्य मी एका विनोदी, अर्धवट शिपायाच्या तोंडी घातलं. ते फार गाजलं. पोरं रस्त्यावर म्हणायला लागली.

प्रतापनगरात कुणाची गोष्ट आहे हे पहिल्याच भागात सगळ्यांनी ओळखलं. त्यात वावगं काही नव्हतं. उलट कौतुक होतं. मग पाचव्या भागाच्या शेवटी त्या बाईच्या ट्रंकेतून पाटल्यांची रिकामी डबी निघाली, आणि चेहरा थांबला. पुढच्या गुरुवारी क्रिकेटचा सामना लांबला म्हणून भाग दाखवलाच नाही.

त्या पंधरवड्यात काय झालं हे मला नंतर कळलं. आक्कांच्या शेजारणीनं कापड शिवायला देताना हसत म्हटलं, "आक्का, बांगड्या काढून ठेवून येऊ का बा आधी?" आक्काही हसल्या. दुसरीनं विचारलं, "ती डबी खरंच निघाली होती का तुमच्या ट्रंकेत?" आक्का म्हणाल्या, "नव्हती वं, ते त्यानं जोडलं." ती म्हणाली, "हां, हां," आणि नजर मशीनकडे वळवली. एका मुलीची आई म्हणाली, पोरीची परीक्षा आहे. दुसरीची म्हणाली, पोरीला सर्दी आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या घरांतल्या बायका या. पिढीभर जिच्या हातचं झंपर घातलं तिला टाळायला त्यांना आता दोन आठवड्यांची शंका पुरली. मला त्यांचा आजही संताप येतो. पण शंका त्यांना घरपोच मीच पाठवली होती. पिक्चर असता तर त्या बायका थिएटरात आक्कांसाठी रडून, डोळे पुसून, त्यांना निर्दोष पाहूनच बाहेर आल्या असत्या. मी त्यांना मध्येच उठवून घरी पाठवलं होतं.

आणि मग साहेब बाहेर पडले.

गुरुवारी भाग संपला, नावं वर सरकायला लागली, की खिशातली बॅटरी काढून ते एकेका दारात उभे राहत. आत जात नसत. चपला काढत नसत. म्हणत, "पुढचं ऐका. तिनं घेतल्या नव्हत्या. सासूनंच आपल्या भावाले दिल्या होत्या. सासऱ्यानं येऊन हात जोडले. संपलं. आता पाहा खुशाल." मग पुढचं दार.

लोकांनी पहिल्यांदा ऐकून घेतलं, मग चिडले, मग त्यांची गंमत सुरू झाली. पोरं मागून चालायची. "दी-एंड साहेब आले बे!" एकानं दार लावून घेतलं. एका घरात त्यांना बसवून, चहा देऊन, दुसऱ्या मालिकांचेही शेवट विचारले आणि हसून हसून लोळले. ते बसले, चहा पिऊन झाल्यावर पुन्हा म्हणाले, "तिनं घेतल्या नव्हत्या," आणि उठले. सगळं आयुष्य पिक्चरचा शेवट फोडणाऱ्याच्या अंगावर धावून गेलेला माणूस, आता दारोदार शेवट फोडत होता. यात काय चाललंय हे कुणालाच दिसलं नाही का? मला दिसलं होतं. मला लगेच समजलं होतं. म्हणूनच मी इतका भडकलो.

मी त्यांच्या घरी जाऊन तावातावानं बोललो. "साहेब, माझ्या कामाची वाट लावताय तुम्ही."

ते म्हणाले, "तू पुढच्या भागात सांग, मी फिरणं बंद करतो."

"गोष्ट अशी सांगत नसतात."

"मले शिकवतो का गा, गोष्ट कशी सांगतात?"

शिवणमशीनचा आवाज येत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याविषयी विचारलं नाही.

केंद्रावर फोन गेले, की नागपुरात कुणीतरी शेवट सांगत फिरतंय. अधिकाऱ्यानं मला बोलावलं. शेवटचे भाग अजून चित्रित व्हायचे होते. "शेवट फुटला," तो म्हणाला. "आता तोच दाखवला तर आपण मूर्ख ठरू. फिरवा."

त्यानं एवढंच सांगितलं होतं. कुठं फिरवायचा हे सांगितलं नव्हतं. सासऱ्याला चोर करता आलं असतं, नोकराला करता आलं असतं. मी घरी येऊन जेवलो, झोप काढली, आणि संध्याकाळच्या आत लिहून टाकलं, की पाटल्या तिनंच घेतल्या होत्या. भावाच्या शिक्षणासाठी. शेवटच्या भागात ती देवासमोर बसून कबूल करते, आणि मी तिच्या तोंडी एवढं सुंदर भाषण घातलं, की लिहिताना मला स्वतःला रडू आलं. सासू जे म्हणाली होती, शब्दाला शब्द तेच मी खरं करून दिलं. आणि का? तर तेच एक असं होतं, जे साहेबांना दारोदार जाऊन आधी सांगता आलं नसतं. मला त्यांना हरवायचं होतं. बस, इतकंच.

खूप वाहवा झाली. स्त्रीच्या मनाचा तळ गाठला, असं म्हणाले. रामदासपेठेत एका सभागृहात सत्कार ठरला.

शेवटच्या भागाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात आले. मला वाटलं, हात उगारतील. मी तशी तयारीही केली होती; त्यांनी मारलं असतं तर मला मोकळं झाल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "पुढचा भाग कधी?"

"संपली साहेब, मालिका."

"कशी संपली? आक्का घरी बसली आहे." त्यांचा फाटका आवाज आणखी फाटला. "तुह्यासाठी संपली असन. ती आता कोणत्या आठवड्यात राहील? सांग ना. काहून बोलत नाही?"

मी म्हणालो, ती एक कलाकृती आहे, लोकांना कळतं. ते दारातच उभे राहून ऐकत होते. मग एकच गोष्ट मागितली. रविवारी मोहल्ल्यातल्या गणपतीच्या मांडवात सगळे जमतील, तिथं येऊन स्वतःच्या तोंडानं एक वाक्य बोलायचं. "मी सांगून काही होत नाही. मले वेडा म्हणतात. तुह्यावर विश्वास ठेवतीन."

"येतो," मी म्हणालो.

सत्कार त्याच रविवारी होता, असं मी पुढं अनेकदा स्वतःला सांगितलं. सत्कार शनिवारी झाला होता. रविवारी मी घरी होतो. आलेल्या हारांतली फुलं सुकली होती ती काढत होतो.

शिवणवर्ग पुन्हा भरला नाही. आक्कांचं मशीन आतल्या खोलीत गेलं. साहेबांनी दारोदार फिरणं थांबवलं, कारण आता सांगायला त्यांच्याकडे लोकांना पटेल असा शेवट उरला नव्हता. टीव्हीवर दुसरा दाखवला होता. आक्का भाजीला जायच्या तेव्हा ते बरोबर जायचे, एक पाऊल पुढे, भर उन्हात खिशात ती बॅटरी. आणि मी लोकांना दी-एंड साहेबांचा किस्सा सांगायला सुरुवात केली. लोक त्यांना वेडा म्हणत राहिले तर मला बरं होतं.

काही वर्षांनी कळलं, की ते रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आहेत आणि फार दिवस नाहीत. मी दुपारी गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत गेलो. खोलीत पंखा फिरत होता. आक्का पायथ्याशी स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. मला पाहून म्हणाल्या, "ये गा. बापू, पाह्य कोण आलं." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

साहेबांनी डोळे उघडले. मी खुर्ची ओढली आणि सुरू केलं. "साहेब, त्या वेळचं मला सांगायचं होतं. तेव्हा काय झालं, की केंद्रावर तो अधिकारी नवीनच होता, आणि भागांचं चित्रीकरण अर्धंच..."

त्यांनी चादरीवरचा हात वर केला. अगदी ऑफिसात करत तसा.

"शेवट सांग आधी."

शेवट माझ्याकडे तयार होता. एका श्वासात संपणारा. मी आक्कांकडे पाहिलं. त्यांचे हात थांबले होते, साल अर्धं निघालेलं. त्या वाट पाहत होत्या.

मी म्हणालो, "तसं नाही साहेब, आधी ती परिस्थिती लक्षात घ्यावी लागेल..." आणि परिस्थिती सांगायला लागलो. टीव्ही नवीन होता. लोकांच्या अपेक्षा. दर भागाची खुंटी. सांगत गेलो, सांगत गेलो. साहेबांनी डोळे मिटले. झोपले नव्हते. आक्कांनी संत्रं सोलून संपवलं आणि दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. नर्स आली, वेळ संपली म्हणाली.

"बाकीचं उद्या येऊन सांगतो," मी उठत म्हणालो.

साहेब डोळे न उघडता म्हणाले, "अर्धी ठेवून चालला."

उद्या मी गेलो नाही. परवा तेरवीची तारीख कळली. तिथं मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. एवढंच सांगायचं राहिलं होतं, की आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आक्का आतच होत्या. आता त्याही नाहीत.

त्या दुपारी दवाखान्याच्या जिन्यात मधेच थांबलो होतो. हातात त्या दोन फोडी तशाच. भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "आक्का, तुम्ही घेतल्या नव्हत्या. साहेब, मी खोटं लिहिलं. मला माफ करा."

जिन्यात कुणी नव्हतं. तिथं नीट म्हणता आलं.